युद्धसंग्रहालयाची व्याख्यानं, 'जिवंत इतिहास' आणि आपापल्या घरच्या ट्रंका: तुमचे अनुभव सांगा

आगोटची वहिनी
परवा रविवारी तालुक्याच्या गावी एका हॉलमध्ये कार्यक्रम होता. एका युद्धसंग्रहालयाची माणसं घाटावरून आली होती. आधी पाऊण तास व्याख्यान, मग 'जिवंत इतिहास', म्हणजे चार-पाच पोरं १९१४ च्या शिपायांच्या वेशात. भाचीला शाळेने पाठवलेलं, मी नुसती सोबतीला. पंख्याखालची खुर्ची मिळाली म्हणून बसले, खोटं कशाला बोलू.

व्याख्यान कुत-अल-अमाराच्या वेढ्यावर होतं. मेसोपोटेमिया, आताचा इराक. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने. तुर्कांच्या वेढ्यात अडकलेल्या इंग्रजांच्या फौजेत १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी. हे सगळं एका कानाने ऐकत होते. मग एका पोराने भाचीला पुढे बोलावून तिच्या पायाला लोकरीची खाकी पट्टी गुंडाळायला घेतली. म्हणाला, पायदळवाला घोट्यापासून वर गुंडाळत जातो, घोडदळवाला गुडघ्यापासून खाली. शेवटी एक बारीक नाडी असते ती खोचायची.

ती नाडी बघितली आणि मी उठून उभीच राहिले. कारण ही पट्टी मी ओळखत होते! आमच्याकडे लोणच्याच्या मोठ्या बरणीचा दादरा आजी ह्याच पट्टीने बांधायची. चार बोटं रुंद, मातकट, एका टोकाला नाडी. "मामंजींची आहे, नीट ठेवा" एवढंच म्हणायची. मामंजी म्हणजे माझे पणजोबा.

आणि मग व्याख्यात्यांनी सांगितलं की धान्य संपत आलं तेव्हा घोडे नि खेचरं कापली. आपल्या लोकांनी आधी हात लावला नाही, शेवटी शेवटी बऱ्याच जणांनी खाल्लं. पणजोबा जन्मात कधी घोडागाडीत बसले नाहीत. बाजाराला, लग्नाला, दवाखान्यात, सगळीकडे चालत. घरात ही गोष्ट चिक्कूपणाची म्हणून सांगितली जायची. आम्ही हसायचो.

ते कुतमध्येच होते असा कागद माझ्याकडे नाही. पण परवापासून हसू येत नाहीये. तुमच्याकडे असं काही झालंय का, कुठल्या व्याख्यानात, प्रदर्शनात? लिहा.

चुलीवरची पेज
घोडागाडीपाशी थांबले. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

बाणकोटचा बाव
आमच्या शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी होती. ह्या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतके गेले, त्यातले इतके मेले. नाव एकाचंही नाही, नुसते आकडे. आम्ही डस्टर त्याच्यावर आपटायचो. गुरुजी ओरडायचे ते पाटी खराब होते म्हणून नव्हे, धूळ उडते म्हणून.

सड्यावरचा
१९१९ का पण? युद्ध तर १८ ला संपलं ना

बाणकोटचा बाव
तह २८ जून १९१९ ला झाला, व्हर्सायला. सरकारी हिशोब तिथपर्यंत.

मालवणी मसाला
मी सिंधुदुर्गावर 'जिवंत इतिहासा'त काम केलंय हो. मावळा. नववीत होतो. दाढी डिंकाने चिकटवलेली आणि महिना मे. होडीतून उतरेपर्यंत अर्धी दाढी गळ्यावर. बाईंनी सांगितलेलं भाषण असं: २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर पायाभरणी, १६६७ ला बांधकाम पुरं, किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. मी 'साखरबाव' म्हणालो आणि समोरून एक म्हातारी ओरडली, "झिला, माझ्या घराकडची बाव ती, पाणी व्हया तर घे नि मगे बोल!"
किल्ल्यात अजून घरं आहेत लोकांची. म्हणजे खरा जिवंत इतिहास खाली बसून सोलकढी विकत होता आणि मी दाढी धरून उभा.

सड्यावरचा
😂😂 साखरबाव ने मारलं

चुलीवरची पेज
आले. आमच्याकडे ट्रंक नाही, पाट्या नाहीत, पण एक कार्यक्रम आठवतो. कुठल्या मंडळाचा ते नको. जुलै महिना, पाऊस धो धो, आणि ह्यांनी ठेवलं तोड्याच्या बंदुकीचं प्रात्यक्षिक. माणूस मोठा जाणकार होता, सगळं दाखवलं. नळीत दारू, गोळी, ठासणी, मग बाजूच्या कानात रंजक, म्हणजे पेट घेणारी बारीक दारू घालायची, पेटता तोडा, म्हणजे जळती वात, त्यावर आणायचा. सगळे कानात बोटं घालून. तोडा विझला. परत पेटवला. रंजक फुस्स. परत. तोवर माझ्या पुढच्या बाकावरची दोन पोरं झोपली. शेवटी मंडळाच्या एकाने मागे जाऊन सुतळी बॉम्ब लावला, तेव्हा टाळ्या.
पण त्या जाणकाराने नंतर जे सांगितलं ते पटलं. म्हणाला, हे जे आत्ता झालं ना, तेच खरं आहे. पावसाळ्यात कोकणात लढाया का नसायच्या ते आता तुम्हाला पुस्तकाशिवाय कळलं.

देवगड पायरी
त्याने सारवासारव केली असणार, पण बरी केली.

चुलीवरची पेज
अहो सारवासारव असेल, दारू दमट होते हे तर खरंच ना

थळचा खालचा पाडा
आमच्या समोरच्या खांदेरी बेटावरच्या किल्ल्याबद्दल एक व्याख्यान झालं होतं आमच्याकडे, देवळाच्या ओट्यावर. पुण्याचे अभ्यासक होते, तयारी चोख. १६७९. महाराजांनी बेटावर किल्ला बांधायला घेतला, मुंबईच्या इंग्रजांना ते चालेना, त्यांनी जहाजं आणून वेढा घातला. महाराजांकडून मायनाक भंडारी बेटावर, दौलतखानाचं आरमार किनाऱ्याला. १८ ऑक्टोबरच्या लढाईत इंग्रजांचं डोव्हर नावाचं गलबत मराठ्यांनी धरलं. पाहुणे सांगत होते की आपल्या होड्या लहान, उथळ पाण्यात जाणाऱ्या, म्हणून इंग्रजांच्या हाती लागल्या नाहीत, रात्रीतून रसद पोचत राहिली.
तर मागे आमचे एक तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, बसले होते, ऐंशीच्या पुढचे. ते मधेच म्हणाले, "वारा कंचा व्हता, त्ये सांगा पैले."
पाहुणे थांबले. म्हणाले, कागदपत्रांत वारा पडल्याचे उल्लेख आहेत. म्हातारा उठून पुढे आला. म्हणाला, ऑक्टोबरात दिवसा समुद्रावरून खारा वारा, मध्यरात्रीनंतर मतलई. मतलई जमिनीवरून समुद्राकडे. थळहून होडी सोडली तर वल्ह्याला नुसता हात लावायचा, वारा खांदेरीला नेऊन सोडतो. पहाटेपर्यंत माल उतरवायचा. आणि मोठं जहाज? त्याला एवढासा वारा पुरत नाही, ते नांगरावर झुलत बघत बसणार.
मग खडूने ओट्यावर किनारा काढला, बेट काढलं, दोन बाण काढले. पाहुणे वही काढून लिहून घेत होते. पुढचा अर्धा तास व्याख्यान म्हाताऱ्याचंच. मला एवढंच वाटतं की पत्रिकेवर नाव पाहुण्यांचं होतं, नारळ-शाल पण त्यांनाच. तांडेलांना चहा.

देवगड पायरी
हे भारी आहे. मतलई शब्द किती वर्षांनी वाचला.

आगोटची वहिनी
खडूचं चित्र कुणी फोटो काढून ठेवलं का हो?

थळचा खालचा पाडा
नाही. दुसऱ्या दिवशी तिथेच हळदीकुंकू होतं, पुसलं.

विजयदुर्ग एसटी
किल्ल्यांचा विषय निघालाच आहे तर, आमच्या विजयदुर्गावर साहेबाचे ओटे आहेत तिथे १८६८ च्या ग्रहणात हेलियमचा शोध लागला. हे पण सांगत जा व्याख्यानांत.

बाणकोटचा बाव
तसं म्हणतात, पण हेलियमचा शोध ज्याच्या नावावर सांगतात तो इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता. त्याने २० ऑक्टोबर १८६८ ला तिथूनच, ग्रहण नसताना सूर्य बघितला. १८ ऑगस्टचं ग्रहण बघायला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आला होता तो गुंटूरला.

विजयदुर्ग एसटी
म्हणजे ओटे खोटे??

बाणकोटचा बाव
ओटे खरे. त्यावर लॉकियर बसला होता हे खोटं. आणि युद्धाचंच सांगायचं तर विजयदुर्गाला हेलियमची काय गरज? १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्हने तुळाजी आंग्र्यांचं आरमार तिथे बंदरात जाळलं. त्यावर बोला की. पेशवे कुणाच्या बाजूने होते ते पण बोला.

विजयदुर्ग एसटी
ते आमच्याकडे जेवताना बोलत नाहीत

चाकरमानी ५.२५
जुनी विक्रांत युद्धनौका आठवली. २०१२ पर्यंत संग्रहालय होतं मुंबईत, मग बंद, २०१४ ला तोडली. बाबांनी नेलेलं नौदल सप्ताहात, रांगेत तीन तास. आत माहिती सांगणारे निवृत्त नौसैनिक, हिंदीत घडाघडा, १९७१, सी हॉक विमानं, चितगाव, कॉक्स बाजार. बाबा मला म्हणाले "फुडे सर रे". झालं. तो माणूस थबकला, "खंयचे रे तुमी?" बाबा म्हणाले कणकवली. पुढची दहा मिनिटं रांग उभी आणि हे दोघं कोणाच्या काजूला मोहर किती आला बोलतायत. विक्रांतबद्दल मला आजही काही माहीत नाही 😄 पण त्याचा हात आठवतो, शिडीवरून मला उतरवताना धरलेला. खरखरीत, बोट अर्धं.

सड्यावरचा
गोव्यात बोगमाळोला नौदलाच्या विमानांचं संग्रहालय आहे, १९९८ पासून. सी हॅरियर जवळून बघता येतं. मुलांना न्या. गर्दी नसते

माणगाव फाटा
आमच्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस. पुतळा आहे माणगावात, लोक त्याखाली बसची वाट बघतात. १० जुलै १९४४, इटलीत टायबरच्या वरच्या खोऱ्यात. मशीनगनच्या माऱ्यात सेक्शनची सगळी माणसं मेली किंवा जखमी झाली, हे एकटे उरले. तसेच धावले, बॉम्ब टाकला, बंदुकीने एक मारला, गोळ्या बदलायला वेळ नव्हता तर उरलेल्या दोघांना दस्त्याने. मग बाजूच्या शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय २२.
एका प्रदर्शनात हा प्रसंग मुलांनी करून दाखवला. सगळं छान. पण पडल्यावर तो मुलगा उठून वाकून नमस्कार करायला लागला नि लोक हसले. मला राग आला, मग वाटलं २२ वर्षांचाच तर होता हाही, ह्या वयाला असंच हसतात, उठतात.

केळीचा घड
इथे कुणी १९७१ चं काढलं म्हणून लिहिते. असल्या कार्यक्रमांत स्फोटांचे आवाज लावतात ना स्पीकरवर, त्याआधी सांगत जा. आमच्या आत्याचा दीर खुकरी युद्धनौकेवर होता. ९ डिसेंबर, दीवजवळ. पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली, गेले १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक. आत्या पहिल्या रांगेत पाहुणी म्हणून होती, हार वगैरे घालून. अंधार केला, आवाज लावला. ती उठून बाहेर गेली आणि पायरीवर बसून हारातली फुलं एकेक तोडत बसली. कुणी काही चुकीचं केलं असं नाही. पण सांगत जा.

आगोटची वहिनी
🙏

चुलीवरची पेज
🙏🙏

मंडणगडचा मास्तर
उशिरा लिहितोय, पेपर तपासत होतो. ते कुतचं व्याख्यान आमच्याकडेही झालं, बहुतेक हीच मंडळी. नकाशे उत्तम. पण 'कोकणातला शिपाई' म्हणताना वक्ते सारखे एकाच समाजाचं नाव घेत होते. मी उठलो. म्हटलं, आंबडवे इथून जवळ आहे. सुभेदार रामजी सकपाळ तिथले, बाबासाहेबांचे वडील. निवृत्तीनंतर दापोलीला राहिले, ज्या गावाला लोक अजून कॅम्प दापोली म्हणतात. गोपाळबाबा वलंगकर महाडजवळच्या रावढळचे, तेही पेन्शनर. आमची, महारांची, भरती सरकारने बंद केली तेव्हा १८९४ ला अर्ज लिहिणारे तेच. मग महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ महार पलटण उभी केली आणि गरज सरल्यावर १९२१ ला मोडली. महार रेजिमेंट त्यानंतर वीस वर्षांनी, १९४१ ला. तुमच्या टेबलावर पाच टोप्या आहेत, त्यात आमची कुठली?
सभागृह गप्प. वक्ते चिडले नाहीत हे मान्य करतो. कार्यक्रम संपल्यावर गणवेशातली दोन पोरं माझ्या मागे घरी आली, बूट बाहेर काढून, त्या पट्ट्यांसकट ओटीवर बसली. आजोबांचा डिस्चार्जचा कागद दाखवला. घड्यांवर फाटलाय, मधल्या घडीत नेमकं गावाचं नाव गेलंय. त्यांनी मोबाईलवर फोटो काढले. एकाने विचारलं, काका, हा कागद एवढी वर्षं कशात ठेवला होता? पत्र्याच्या डब्यात, रेशनकार्डाबरोबर. दुसरं काय.

थळचा खालचा पाडा
मास्तर, बरं केलंत उठलात.

देवगड पायरी
तो कागद मऊ ब्रशने पुसा, सेलोटेप अजिबात लावू नका. आमचा सातबारा सेलोटेपने खाल्ला.

मंडणगडचा मास्तर
लावलाय आधीच. वडिलांनी, १९८० च्या सुमारास.

देवगड पायरी
अरेरे

आगोटची वहिनी
मास्तर, त्या पोरांचा नंबर आहे का? आमची पट्टी दाखवायची होती. आज माळ्यावर चढून बरणी काढली, आईला फोन केला. आई म्हणते पट्टी तीन वर्षांपूर्वी वहिनीने फणसाला बांधली, खारी खातात म्हणून गोणपाटाबरोबर. उद्या गावी जातेय.

सड्यावरचा
कुठला फणस? कापा की बरका

आगोटची वहिनी
बरका.

सड्यावरचा
मग चिकाने गेली असणार पट्टी. तेल घेऊन जा हाताला