मदत हवी आहे: काका कोरोनाची लस घेऊन पंधरा दिवसांत गेले, आता वडील लस घेत नाहीयेत

नमस्कार मंडळी, जरा मोठं होईल, सांभाळून घ्या. दिवाळीला गावी आलोय, औरंगाबाद जिल्ह्यात कन्नड तालुक्यात. भाऊबीज होऊन आठवडा झाला तरी पुण्याला परत गेलो नाही कारण अण्णांचा (माझे वडील) विषय तसाच अडकलाय. अण्णा ६६ वर्षांचे, शुगर आहे, तीन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय, रक्त पातळ व्हायची गोळी रोज चालू. म्हणजे १ मार्चला ६० च्या पुढच्यांना लस सुरू झाली तेव्हाच पहिल्या रांगेत असायला हवे होते असे. आता नोव्हेंबर २०२१ चालू आहे, देशात १०० कोटी डोस होऊन गेले आणि अण्णांचा पहिलाही नाही. ते नाही म्हणून आईपण नाही.

अडाणीपणा म्हणाल तर तसं अजिबात नाही. अण्णांच्या दंडावर देवीचे दोन वण आहेत. आज्जी सांगायची की देवी काढणारे गावात आले की बाया पोरांना कणगीत लपवायच्या, आणि आमच्या आजोबांनी चारही पोरं अंगणात ओळीने उभी केली होती. ही गोष्ट अण्णा अजून अभिमानाने सांगतात. आम्हा भावंडांना पोलिओचे थेंब पाजायला स्वतः सायकलवर डबलसीट न्यायचे. त्यांना लसीचं वावडं नाहीये, त्यांना ही लस नकोय. कारण तात्या.

तात्या म्हणजे माझे धाकटे काका, ५८ वर्षांचे. एप्रिलमध्ये ४५ च्या वरच्या सगळ्यांना लस सुरू झाली तेव्हा मी गावीच होतो, वर्क फ्रॉम होम. ५ एप्रिलला मीच त्यांना गाडीवर बसवून केंद्रावर घेऊन गेलो. कोविशील्डचा पहिला डोस. तुफान गर्दी, पावणेतीन तास रांगेत. त्या रात्री अंग दुखलं, दुसऱ्या दिवशी एकदम ठीक, शेतात पण जाऊन आले. ९ तारखेला ताप आला. काकू म्हणाली डॉक्टरकडे नेऊ का, तर मी म्हणालो लसीने येतो ताप, पॅरासिटामॉल द्या, दोन दिवसांत उतरेल. उतरला नाही. १३ ला पाडवा, गुढी उभारताना त्यांना धाप लागली, ऑक्सिमीटर लावला तर ८६. मग टेस्ट, कोरोना पॉझिटिव्ह, छातीच्या स्कॅनचा स्कोर २५ पैकी १८, मग बेडसाठी फोनाफोनी, दोन दिवस तर नुसती फोनाफोनीच. २० एप्रिलला तात्या गेले.

घरात कोणी मला काही बोललं नाही. अण्णा पण नाही. फक्त लसीचा विषय निघाला की म्हणतात, "तात्याचं बघितलं ना," आणि उठून ओट्यावर जाऊन बसतात. पुढे माझ्याकडे बोलायला काही उरत नाही.

व्हॉट्सॅपच्या अफवांचं उत्तर मला देता येतं हो. नाशिकच्या गृहस्थांच्या अंगाला चमचे चिकटतात तो व्हिडिओ, लस घेणारे दोन वर्षांत मरणार असं फ्रान्सच्या नोबेलवाल्या शास्त्रज्ञाच्या नावावर खपवलेलं वाक्य (ते तसं बोललेच नव्हते), हे सगळं अण्णांना समजावलंय, त्यांनाही पटलंय. पण स्वतःच्या भावाचं मरण ही अफवा नाही ना.

त्यात परवा मंगळवारी, ९ तारखेला, जिल्ह्यात आदेश निघाला की निदान एक डोस नसेल तर रेशन, गॅस, पेट्रोल मिळणार नाही. अण्णा म्हणाले नका देऊ, ज्वारी आहे घरात. एका नातेवाइकाने तर हळूच सुचवलं की नुसतं सर्टिफिकेट करून मिळतं, सुई टोचायची गरज नाही. मी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. कागद घेऊन काय करू, मला अण्णा हवेत.

तर विचारायचं हे आहे: तात्या लसीने नाही, आधीच किंवा त्या रांगेत लागलेल्या कोरोनाने गेले, हा मी लावलेला अर्थ बरोबर आहे का? आणि स्टेंट, गोळी चालू असताना लस चालते का? आणि तिसरं सगळ्यात अवघड, अशा माणसाशी बोलायचं कसं? ज्यांच्या घरात असं झालंय त्यांनी प्लीज लिहा.

गोदाकाठ: वाचून वाईट वाटलं रे. तुझा अर्थ बरोबर वाटतोय मला. पहिला डोस घेतला की लगेच दुसऱ्या दिवशी कवच तयार होत नाही, दोन-तीन आठवडे जातात. आणि विषाणू अंगात शिरल्यावर लक्षणं यायला साधारण पाच दिवस, कधी दोन तर कधी चौदा. ५ ला लस आणि ९ ला ताप म्हणजे लागण एकतर लसीच्या आधीच झालेली किंवा त्या रांगेतच. लसीत जिवंत कोरोना नसतोच, ना कोविशील्डमध्ये ना कोव्हॅक्सिनमध्ये, त्यामुळे लसीने कोरोना होत नाही. पण रांगेत होऊ शकतो, ते नाकारू नकोस त्यांच्यासमोर, खोटं वाटेल.

मातीचा_माणूस: माझं मत कडक आहे, सक्तीच हवी. राज्यात ७४ टक्के लोकांचा पहिला डोस झालाय आणि तुमचा जिल्हा ५५ वर. रेशन बंद केलं की दोन दिवसांत रांगा लागतील.

धागाकर्ता: @मातीचा_माणूस, रांगा लागतील पण आमच्या अण्णांसारखे अजून आत जाऊन बसतील. जे आळसाने राहिलेत त्यांना धक्का चालेल, जो घाबरलाय त्याला नाही. तसंही रेशन अडवल्याने त्यांच्या भीतीत काय फरक पडणार?

उपकेंद्राची_ताई: भाऊ, मी एएनएम (उपकेंद्रातली नर्स) आहे, सातारा भागात. स्टेंटवाल्यांना, रक्त पातळ व्हायची गोळी चालू असलेल्यांना लस चालते. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, उलट लस देणाऱ्या सिस्टरला आधी सांगायचं, मग ती बारीक सुईने देते आणि वर कापूस दोन-तीन मिनिटं घट्ट दाबून धरायचा, चोळायचं नाही. हृदयाच्या डॉक्टरांना एक फोन करून घ्या म्हणजे अण्णांनाही धीर येईल. नंतर अर्धा तास तिथेच बसायचं, उगाच घाई करून निघायचं नाही. ती अर्ध्या तासाची अट खरंच कामाची आहे, जोराची ॲलर्जी यायची तर बहुतेक वेळा तेवढ्यातच कळते. लसीनंतर ॲलर्जीने मृत्यू झाल्याचं सरकारी समितीने स्वतः मान्य केलेलं एक प्रकरण आहे, मार्चमधलं, ६८ वर्षांचे गृहस्थ होते. मी लोकांना हे लपवत नाही, म्हणून माझं ऐकतात.

आता तापाचं. लसीचा ताप पहिल्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी येतो आणि एक-दोन दिवसांत जातो. मधे बरं वाटून चौथ्या दिवशी येणारा ताप हा लसीचा नव्हे, तेव्हा टेस्टच करायची. पण एप्रिलमध्ये आमच्या भागातही कितीतरी घरांत हेच झालं, लसीचा ताप आहे म्हणून चार दिवस घरी काढले. तुम्ही एकटे नाही. मला वाटतं अण्णांना लसीचं काही सांगू नका आधी. हे तापाचं सांगा. तुम्ही सांगितलंय का कधी त्यांना?

धागाकर्ता: नाही ताई. सात महिने झाले, नाही सांगितलं. काकूला माहितीये.

गोदाकाठ: अजून एक. अण्णा म्हणतील दोन डोसवालेही मेले की. ते खरं आहे आणि हो म्हणावं. इंग्लंडमध्ये डेल्टावर (दुसऱ्या लाटेतला कोरोनाचा प्रकार) बघितलं तर कोविशील्डच्याच लसीचा एक डोस साधं आजारपण ३३ टक्केच थांबवत होता, दोन डोस ६० टक्के. पण हॉस्पिटलात भरती व्हायची वेळ एका डोसने ७१ आणि दोन डोसने ९२ टक्के टळत होती. म्हणजे कोरोना होऊ शकतो, पण बेड शोधत फिरायची पाळी बहुतेकांवर येत नाही. तुमच्या घराने एप्रिलमध्ये ते फिरणं बघितलंय, त्यांना आकडे न सांगताही समजेल.

धागाकर्ता (तीन दिवसांनी): काल रात्री बोललो. आई, काकू, सगळे होते. मी सांगितलं की ताप लसीचा आहे असं मीच म्हणालो होतो आणि त्यात चार दिवस गेले, तेव्हाच टेस्ट केली असती तर बेड मिळायला वेळ तरी मिळाला असता. मला वाटलं अण्णा चिडतील, उठून जातील. ते बसूनच राहिले. मग काकूच म्हणाली की भाऊजी, मी ऑगस्टमध्ये घेतली, तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. हे मलाही माहीत नव्हतं. दुसरा डोस पुढच्या महिन्यात आहे तिचा.

आज सकाळी अण्णांनी तात्यांचं लसीचं कार्ड मागितलं. काकूने ट्रंकेतून काढून दिलं. कॅलेंडर घेऊन बसले, ५ वर बोट, ९ वर बोट, १३ वर बोट. बराच वेळ. मग मला म्हणाले, "तू तेव्हा तीस वर्षांचा, तुला काय कळणार होतं. मी मोठा होतो ना घरात, मीच न्यायला पाहिजे होतं." मला पुढे काही बोलता आलं नाही.

बुधवारी शाळेत कॅम्प आहे. अण्णांनी स्वतःहून आशाताईला विचारलं गर्दी किती असते म्हणून, ती म्हणाली चारनंतर या, कोणी नसतं. हृदयाच्या डॉक्टरांनी फोनवर चालेल म्हणून सांगितलंय, गोळी चालू ठेवायची. येतो असं अण्णा अजून म्हणालेले नाहीत, पण आईला तिचं आधार कार्ड शोधून ठेव म्हणाले.

ताई, एक शेवटचं, दोघांनी एकाच दिवशी घेतली आणि दोघांनाही ताप आला तर घरात बघायला मी एकटा आहे, मग दोन दिवसांच्या अंतराने घेऊ का एकदमच? आणि किती तापाला, कितव्या दिवशी लगेच टेस्टला न्यायचं ते तेवढं नीट लिहून द्या, मी भिंतीवर लावून ठेवतो.

उपकेंद्राची_ताई: एकदमच घ्या, नाहीतर मागे राहिलेल्याचं मन बदलतं, रोज बघते मी. ताप कितीही असो, तिसऱ्या दिवशी सकाळी असला तर टेस्ट. उतरून परत आला तरी टेस्ट. खोकला, धाप, वास जाणं यातलं काही असलं तर पहिल्याच दिवशी. ऑक्सिमीटर ९४ च्या खाली गेला तर टेस्टची वाट बघू नका, सरळ दवाखान्यात. बुधवारी संध्याकाळी कळवा.