मदत हवी आहे : शस्त्रक्रियेनंतर आतड्यांचे मंद आवाज कसे नोंदवावेत?

नमस्कार. मी मुंबईत जीएनएमच्या (नर्सिंग पदविकेच्या) शेवटच्या वर्षाला असून सध्या परळच्या एका रुग्णालयात सर्जरी वॉर्डला माझी ड्यूटी आहे. अनुभवी सिस्टर्सकडून मार्गदर्शन हवे आहे.

पोट आधी डोळ्यांनी पाहायचे, मग स्टेथोस्कोपने ऐकायचे आणि हात त्यानंतरच लावायचा, कारण दाबल्याने आतड्यांची हालचाल चाळवून आवाज बदलू शकतात, हे मला पटलेले आहे. मिनिटाला साधारण ५ ते ३० आवाज नेहमीचे मानावेत आणि सलग ५ मिनिटे काहीच ऐकू आले नाही तरच 'आवाज नाहीत' असे लिहावे, हेही शिकवले आहे. अडचण या दोहोंच्या मधली आहे.

आतड्याला छिद्र पडल्यामुळे लॅपरोटॉमी (पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया) झालेल्या एका काकांचा आज शस्त्रक्रियेनंतरचा दुसरा दिवस आहे. राइल्स ट्यूब (नाकातून जठरात घातलेली नळी) आहे, ट्रामाडॉल हे ओपिऑइड गटातले वेदनाशामक चालू आहे. सक्शन थांबवून (एरवी नळीतली खळखळच आतड्याची वाटते) उजवीकडे बेंबीच्या खाली, जिथे लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते तिथे, स्टेथोस्कोपचा डायफ्रॅम (सपाट चकती) टेकवला असता मिनिटभरात दोन-तीनच क्षीण आवाज आले. डावीकडे त्याहूनही कमी. पोट किंचित फुगलेले पण मऊ आहे, उलटी नाही, मात्र वायू अजून सरलेला नाही.

शस्त्रक्रियेनंतर लहान आतडे काही तासांत, जठर एक-दोन दिवसांत आणि मोठे आतडे सर्वांत शेवटी, साधारण तिसऱ्या दिवसापर्यंत पूर्ववत होते. ओपिऑइड औषधांनी किंवा पोटॅशियम कमी झाल्याने हा काळ लांबतो. त्यामुळे हे आवाज अपेक्षित असावेत, असे मला वाटते. परंतु केस शीटवर नुसते 'बीएस प्लस' (आतड्यांचे आवाज आहेत) लिहिणे मला अपुरे वाटते, कारण पुढच्या शिफ्टच्या सिस्टरला त्यावरून सुधारणा आहे की घसरण, हे कळणारच नाही.

आपण अशा वेळी 'मंद' एवढेच लिहिता की किती मिनिटे ऐकले आणि किती आवाज आले तेही लिहिता? आवाज पोटभर पसरतात, मग चारही भागांची वेगळी नोंद कितपत उपयोगी ठरते? धातूसारखे टणत्कारी आवाज, कळा आणि उलट्या एकत्र दिसल्यास अडथळ्याच्या शंकेने डॉक्टरांना लगेच कळवायचे, हे ठाऊक आहे. पण आवाज असेच मंद राहून पोटाचा फुगवटा वाढत गेला, तर राउंडची वाट न पाहता आपण नेमके केव्हा कळवता?