मदत हवी आहे: ढोक माशाचा गळा फुगला आहे आणि आठ दिवस तो काहीच खात नाही

नमस्कार मंडळी,

मी चिपळूण तालुक्यात राहतो. जूनच्या मध्यावर पहिला जोराचा पाऊस झाला, तेव्हा आमच्या शेताच्या बांधावरून चढणीचे मासे वर येत होते. त्यांत सापडलेले दोन ढोक मी खाण्यासाठी न ठेवता काचेच्या पेटीत पाळले. ढोक म्हणजे मरळीच्याच कुळातील लहान मासा, शास्त्रीय नाव चन्ना गाचुआ. मोठी मरळ हाताएवढी वाढते, हा मात्र वीतभर झाला की थांबतो, म्हणून घरात सांभाळता येईल असे मला वाटले. माझे दोन्ही मासे सध्या पाच ते सहा इंचांचे आहेत.

पेटी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. हा मासा पाण्याबाहेरची हवा घेतल्याशिवाय जगत नाही हे वाचून होतो, म्हणून वर चार बोटे जागा मोकळी ठेवली आहे. पहिल्याच आठवड्यात त्यांतील एक रात्री उडी मारून बाहेर पडला आणि सकाळी चपलांच्या फळीखाली धूळ माखलेल्या अवस्थेत, पण जिवंत सापडला. त्या दिवसापासून प्लायवूडचे झाकण ठेवून त्यावर पाटा ठेवतो. आत पऱ्यातील (ओढ्यातील) गोटे, दोन फुटके कुंडीचे तुकडे आणि थोडी वनस्पती आहे. सुरुवातीला सोबत पाच दांडवण (लहान मासळी) सोडल्या होत्या. चौथ्या दिवशी एकही उरली नव्हती, त्यात दोष माझाच. पुढे गप्पी, गांडुळे आणि कधी कोळंबीचे तुकडे देत आलो.

आता मुख्य अडचण. दोघांपैकी मोठा मासा, ज्याच्या पाठीच्या पराची कड नारिंगी असून रंग अधिक गडद आहे, त्याने गेल्या आठ दिवसांत एकही घास घेतलेला नाही. गांडूळ अगदी तोंडासमोर सोडले तरी तो मान फिरवल्यासारखा बाजूला होतो. त्याच्या जबड्याखालचा भाग फुगला आहे, जणू त्याने सुपारी तोंडात धरली आहे. तो कुंडीच्या तुकड्यामागे बसून राहतो, हवा घ्यायला वर येतो आणि लगेच खाली जातो. अंगावर लाल डाग किंवा जखम दिसत नाही. दुसरा मासा नेहमीप्रमाणे खातो, पण पूर्वीपेक्षा जास्त आक्रमक झाला आहे. काच पुसायला हात घातला, तेव्हा त्याने माझ्या बोटाला चावा घेतला.

एक गोष्ट सांगायची राहिली. गेल्या महिन्यात नळाला पाणी नसल्याने मी पागोळ्यांचे पाणी बादल्यांत साठवून तीन वेळा एक-तृतीयांश पाणी बदलले होते. त्याचा यात काही संबंध असेल का? गोटा अडकला असेल, या शंकेने त्याला जाळीत धरून तोंड उघडून पाहावे, की मिठाच्या पाण्यात ठेवावे? आणि दोन्ही जमत नसेल, तर त्यांना परत पऱ्यात सोडणे योग्य ठरेल का? जाणकारांनी कृपया लवकर सांगावे.

प्रतिसाद

आपण त्याला जाळीत धरू नका आणि मीठही घालू नका. आपण लिहिलेल्या खुणा आजारापेक्षा पितृत्वाच्या वाटतात. ढोक हा तोंडात अंडी सांभाळणारा मासा आहे आणि हे काम नर करतो. अंडी आणि नंतर पिल्ले तोंडात असेपर्यंत तो जवळजवळ उपाशी राहतो. साधारण आठ-दहा दिवस, गार पाण्यात त्याहूनही थोडे जास्त. त्याला धरलेत तर घाबरून तो ती गिळून टाकेल किंवा बाहेर फेकेल. चावणारी मादी असावी. ती परिसराची राखण करत आहे. पावसाच्या मऊ, गार पाण्याने त्यांना विणीचा हंगाम आल्याचे कळले असावे, म्हणजे नळ कोरडा पडल्याचा एकूण फायदाच झाला.

व्रणरोगाची भीती मनात असेल, तर तीही रास्त आहे. 1988 पासून भारतात पसरलेल्या या रोगाने मरळींचे फार नुकसान केले. पण त्यात आधी लाल ठिपके येतात आणि मग ते खोल जखमांत बदलतात. आपल्या माशात तसे काही नाही.

जिवंत गप्पी देणे मात्र बंद करावे, कारण दुकानातल्या गप्पींबरोबर परजीवी येतात. गांडुळे आणि चिरलेला मासा पुरे. नुसत्या कोळंबीवरही ठेवू नये. परत सोडण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: दुकानातल्या माशांच्या पाण्यात राहिलेला मासा आता पऱ्यात सोडू नये. त्याच्यासोबत कोणता रोग तिथे जाईल, हे डोळ्यांना दिसत नाही. पिल्ले जगली, तर ओळखीच्या छंदिष्टांना द्यावीत.

मूळ प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

आपले मनःपूर्वक आभार. प्रतिसाद वाचून मी मिठाची पुडी बाजूला ठेवली आणि काल रात्री दिवे बंद करून, विजेरीवर लाल जिलेटीन कागद लावून अर्धा तास पेटीसमोर बसलो. तो हवा घेऊन खाली आला आणि एकदा तोंड किंचित उघडून त्याने आतला ऐवज उलटा-सुलटा केला. जबड्याच्या आत पिवळसर दाण्यांचा गोळा स्पष्ट दिसला. भाचा काचेवर टकटक करतो म्हणून पेटीच्या समोरच्या बाजूस पुठ्ठा लावला आहे.

आता पुढचा प्रश्न असा की पिल्ले तोंडाबाहेर आल्यावर मादी त्यांना इजा करील का, आणि त्या वेळी मध्ये काच घालून तिला वेगळे ठेवावे, की दोघांवर सोडून द्यावे?