सनस्क्रीन, गॉगल आणि सौर पॅनेल यांच्यात क्लोरीनचे काम काय?

प्रश्न
माझ्या मुलीच्या सनस्क्रीनच्या घटकांमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचे नाव आहे. ते तयार करताना क्लोरीन वायू वापरतात, असे वाचनात आले. त्याचा अंश क्रीममध्ये राहतो का? आणि इतका विषारी वायू मुळात लागतोच कशासाठी?

उत्तर १
हे रसायन दोन पद्धतींनी बनते. एकीत सल्फ्युरिक आम्ल लागते, दुसरीत क्लोरीन. केरळमधील चवरा येथील सरकारी कारखाना दुसरी पद्धत वापरतो. त्याचा कच्चा माल म्हणजे किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतील इल्मेनाइट, जे आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही सापडते. या खनिजात लोह भरपूर असते आणि ते उरले तर पांढऱ्या भुकटीला रंग चढतो. म्हणून लोह आधी कमी करून, उरलेल्या खनिजावर कोकच्या (कार्बनयुक्त कोळशाच्या) सोबतीने सुमारे १००० अंश सेल्सियस तापमानाला क्लोरीन सोडतात. त्यातून टायटॅनियम टेट्राक्लोराइड हा १३६ अंशांना उकळणारा द्रव मिळतो, जो ऊर्ध्वपातनाने शुद्ध करता येतो. पुढे ऑक्सिजनशी संयोग झाला की टायटॅनियम डायऑक्साइड तयार होते आणि मोकळा झालेला क्लोरीन पुन्हा भट्टीकडे नेतात. क्रीममधील या घटकाच्या रचनेत क्लोरीन नसतो.

उत्तर २
सौर पॅनेलच्या सिलिकॉनचेही असेच आहे. भट्टीतून निघणारे सिलिकॉन ९८-९९ टक्के शुद्ध असते, पण पॅनेलला किमान ९९.९९९९ टक्के शुद्धता लागते. हायड्रोजन क्लोराइडच्या साहाय्याने त्याचे ट्रायक्लोरोसिलेन करतात, ते जेमतेम ३२ अंशांना उकळते, आणि वारंवार ऊर्ध्वपातन करून त्यातून शुद्ध सिलिकॉन परत मिळवतात.

गॉगलच्या पॉलिकार्बोनेट काचांची गोष्ट थोडी निराळी आहे. रूढ पद्धतीत त्यांच्यासाठी क्लोरीन आणि कार्बन मोनॉक्साइडपासून फॉस्जीन हा विषारी वायू बनवतात. शेवटी क्लोरीन साध्या मिठाच्या रूपाने पाण्यात उतरतो. जाता जाता सांगतो, अतिनील किरण अडवण्याचे काम हे प्लास्टिक स्वतःच बऱ्याच अंशी करते, काचेच्या गडद रंगावर ते अवलंबून नसते.

उत्तर ३
ग्राहकाची चिंता वरील उत्तरांनी मिटावी. माझी चिंता कामगारांविषयी आहे. टायटॅनियम टेट्राक्लोराइड दमट हवेत गळले, तर हायड्रोक्लोरिक आम्लाचा दाट पांढरा धूर उठतो, आणि फॉस्जीन तर पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरले गेले होते. त्यामुळे फॉस्जीनचा साठा न करता लागेल तेवढेच जागेवर बनवून लगेच वापरणे, गळती ओळखणारी यंत्रे सतत चालू ठेवणे आणि शेजारच्या वस्तीला धोक्याची सूचना कशी मिळेल हे आधीच ठरवणे, यांत कोणतीही सवलत देता कामा नये.