सोशल रिअ‍ॅलिझमचा ट्रेलर आहे, पण तो मधेच मोडायचाय. नेमका कुठे मोडू?

सेक्टर_पंधरा:
नमस्कार मंडळी, मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे, नवी मुंबईतच. फायनल प्रोजेक्टला शॉर्ट फिल्म आणि तिचा दोन मिनिटांच्या आतला ट्रेलर असं दोन्ही द्यायचंय, ट्रेलरला मार्क वेगळे. ब्रीफ असं की एका जॉनरचे (सिनेमाच्या प्रकाराचे) ठरलेले कन्व्हेन्शन्स, म्हणजे नेहमीच्या पद्धती, वापरा आणि कुठेतरी ते उलटे करा. आम्ही सोशल रिअ‍ॅलिझम घेतलाय, म्हणजे कष्टकऱ्यांचं जगणं जसं आहे तसं दाखवणारा सिनेमा.

गोष्ट छोटी आहे. कोपरखैरण्यातली मुलगी, वडील एपीएमसीच्या (बाजार समितीच्या) कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, म्हणजे गोण्या वाहणारे कामगार. ती कॉलेजच्या डॉक्युमेंटरीसाठी वडिलांनाच शूट करायला घेते आणि वडील गरीब दिसायला साफ नकार देतात. शूटच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, वर गाळ्यावर सगळ्यांना सांगून ठेवलेलं की पोरगी पिक्चर काढतेय म्हणून.

आत्ताच्या कटमध्ये पहिलं दीड मिनिट सगळं नेहमीचं आहे, हातात धरून हलता कॅमेरा, पाठीवरची गोणी मागून, रंग उतरवलेले, बासरी, एका खोलीत ट्यूबलाइटखाली अभ्यास, काळ्यावर पांढरी अक्षरं. मग एकदम मुलीचा आवाज, "पप्पा कट, परत एकदा, जरा दमल्यासारखं चाला ना." ते म्हणतात, "दमलोय कुठं, आत्ता तर आलोय." टायटल.

मॅडम म्हणतात यात पिक्चर फुटतो, ट्विस्ट आधीच कळतो. ग्रुपमधला एकजण म्हणतो कामगारांची खिल्ली उडवल्यासारखं वाटतंय. मला दोन्ही पूर्ण पटत नाही पण काहीतरी गंडलंय हे कळतंय. सांगा प्लीज.

टाइमलाइनवरच_झोपतो:
ठाण्यात एडिटिंग करतो, जास्त लग्नं आणि थोड्या जाहिराती, त्यामुळे माझं सगळंच खरं धरू नका.

पिक्चर फुटत नाही, कारण "बाप गरीब दिसायला तयार नाही" हा ट्विस्ट नाहीये, तीच तर तुमची गोष्ट आहे आणि ती तुम्ही ट्रेलरमध्ये सांगतच नाहीयात! दीड मिनिट खोटा पिक्चर विकताय आणि खऱ्याला एक डायलॉग देताय. तो डायलॉग चाळिसाव्या सेकंदाच्या आसपास आणा. तोपर्यंत बघणाऱ्याला जॉनर कळलेला असतो, त्याच्यापुढे नुसतं ताणणं.

दुसरं म्हणजे बासरी. म्युझिक नसणं हे रिअ‍ॅलिझमचं लक्षण म्हणतात आणि ते काही बाहेरून आलेलं नाही, व्ही. शांतारामबापूंनी १९३७ साली 'कुंकू' पार्श्वसंगीताशिवाय केला होता, घरातले-रस्त्यावरचे आवाजच वापरले. तुमच्या ट्रेलरमध्ये हे उलटं वापरता येईल. बासरी मुलीच्या डॉक्युमेंटरीची आहे, तिने लावलीय, म्हणून ती पहिल्या भागात राहू दे, थोडी जास्तच गोड असली तरी चालेल. "पप्पा कट" म्हटल्यावर बासरी सुरातच तुटली पाहिजे, फेड (हळूहळू विरणं) नको, आणि मग शेवटपर्यंत फक्त मार्केटचा आवाज. म्हणजे गंमत अशी होते की रिअ‍ॅलिझम मोडल्यासारखा वाटतो तिथेच खरा सुरू होतो. मुलगी जे काढत होती तो नुसता रिअ‍ॅलिझमचा मेकअप होता. रंगांचंही तेच करा, आधी उतरवलेले आणि कटनंतर जसे शूट झाले तसे.

ट्रेलरची पंचाईत ही आहे की रिअ‍ॅलिझमला शॉट थांबवायचा असतो आणि ट्रेलरला पळायचं असतं. म्हणून दुसऱ्या भागात एक तरी शॉट दहा-बारा सेकंद न कापता ठेवा. कटनंतर सगळे फटाफट कट मारतात कारण कॉमेडी आली ना, तुम्ही उलट करा.

माथाडीचा_पोरगा:
माझे वडील भाजी मार्केटला होते, त्यामुळे इस्त्रीच्या शर्टाचं वाचून हसलो, आमचे अण्णा घरून निघताना कडक कपड्यात निघायचे आणि तिकडे जाऊन बदलायचे, येताना परत तेच. कॉलनीत कोणी त्यांना मळक्या कपड्यात बघितलंच नाही.

खिल्लीचं म्हणाल तर ती बापाची नाही उडत, कॅमेरावाल्याची उडते, आणि उडू दे की. पण ताई एक गोष्ट. माथाडी म्हणजे बिचारा हमाल एवढंच दाखवू नका. १९६९ चा कायदा आहे, माथाडी बोर्ड आहे, पगार बोर्डातून येतो, पीएफ आहे, ग्रॅच्युइटी आहे, माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटलांनी लढून मिळवलंय ते. तुमचा बाप जो ताठ चालतो त्याला हे कारण आहे, नुसता स्वभाव नाही. बोर्डाच्या पासबुकाचा, युनियनच्या कॅलेंडरचा एखादा शॉट टाका, भाषण नको.

आणि उलट बाजूला पण घसरू नका. कटनंतर सगळं खेळीमेळीचं दाखवलंत तर ते पण खोटंच. पाठ, गुडघे, मान, हे जातातच. "दमलोय कुठं" म्हणणारा माणूस घरी आल्यावर मलम चोळून घेतो. तो तुमचा न कापलेला शॉट असू शकतो, वरच्या दादांनी सांगितलेला.

भाषा कोण बोलतंय? आमच्याकडची बहुतेक माणसं सातारा-सांगलीकडची. बाप पुस्तकी बोलला तर पहिल्या वाक्याला खेळ खलास.

घणसोली_गावठाण:
विषय निघालाच आहे तर. आमच्या इकडच्या पोरांच्या फिल्ममध्ये आगरी माणूस आला की गळ्यात जाड चेन, पांढरी गाडी, जमिनीचा दलाल, हे पण कन्व्हेन्शनच झालंय ते कोणीतरी मोडा. बाकी चालू द्या.

रीळ_आणि_रस्सा:
सावध करतो. "हे सगळं शूटिंग होतं" वाला पलटा जाहिरातीत, रील्समध्ये इतका झालाय की तो स्वतःच घिसापिटा आहे. क्लॅप दिसणं, फ्रेम फ्रीज होणं, रेकॉर्ड घासल्याचा आवाज, यातलं काहीही टाकलंत तर परीक्षक मनात म्हणणार, 'झालं, परत तेच.' पलटा बापाकडून यायला हवा, एडिटकडून नको. 'फँड्री'च्या शेवटी त्यातला पोरगा जब्या दगड मारतो तो सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने येतो, तिथे कन्व्हेन्शन पात्र मोडतं. २०१३ चा आहे, अजून लागतो.

मी तर मुलीचा आवाज पण आधी येऊ देणार नाही. बाप चालता चालता थांबतो, गोणी खाली ठेवतो, कॉलर नीट करतो, आपल्याकडे बघून विचारतो, "आलं का चांगलं?" बास.

वडील खरे माथाडी घेताय की नाटकातलं कोणी? खरे घेतलेत तरी तालीम लागतेच. 'बायसिकल थीव्ह्ज' या इटालियन पिक्चरमधला बाप प्रत्यक्षात कारखान्यातला कामगार होता, पण म्हणून दिग्दर्शकाचं काम कमी होत नाही.

टाइमलाइनवरच_झोपतो:
कॉलर भारी आहे. पण मुलीचा आवाज पूर्ण काढू नका, "जरा दमल्यासारखं चाला ना" या वाक्यात अख्खा जॉनर पकडला गेलाय. आधी कॉलर, मग ते वाक्य, मग बापाचं उत्तर.

आणि रात्री मार्केटात शूट असेल तर सेकंदाला २५ फ्रेम्स आणि शटर १/५० ठेवा, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्याच्याशी न जुळणाऱ्या शटरला ट्यूब आणि स्वस्त एलईडी लपलप करतात. बाजार समितीच्या ऑफिसात आधी परवानगीचं पत्र द्या.

सेक्टर_पंधरा:
बापरे, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. थँक्यू सगळ्यांना. वडील म्हणजे आमच्या ग्रुपमधल्या मुलीचे सख्खे काका, खरेच माथाडी, आणि कॉलर ते आपोआपच नीट करतात, रशेसमध्ये (न कापलेल्या शूटमध्ये) तीनदा आहे! आम्ही ते एनजी, म्हणजे 'नो गुड', म्हणून बाजूला टाकलं होतं.

मलमाच्या शॉटबद्दल काकूंना विचारते, त्या कॅमेऱ्यासमोर येतील का बघू. एक राहिलं, काळ्यावरची पांढरी अक्षरं ठेवू का काढू?

रीळ_आणि_रस्सा:
पहिल्या भागात ठेव, मुलीनेच लिहिल्यासारखी, जरा जड मराठीत. नंतर एकही नको. आणि तो एनजीचा फोल्डर पूर्ण बघ आधी.