अनुभव धागा: तुमच्याकडचे घरचे नियम कोणते?

मंडळी, हा धागा डंजन्स अँड ड्रॅगन्स (डीअँडडी), कॉल ऑफ कथुलू आणि तसले एकेक पात्र होऊन गोष्ट रंगवायचे, फासे-कागद-पेन्सिलवाले खेळ खेळणाऱ्यांसाठी आहे. पुस्तकातला नियम जसाच्या तसा पाळणारा ग्रुप मला तरी अजून भेटलेला नाही, आणि त्यात गैर काहीच नाही. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं डीअँडडी छापून आलं, त्याच्या आधीपासून आर्नेसन मित्रांना घेऊन 'ब्लॅकमूर' खेळत होते. सुरुवातीला आधार होता 'चेनमेल' या युद्धखेळाचा. त्याचे नियम जिथे पुरेनात तिथे त्यांनी स्वतःचे घातले. म्हणजे आपण ज्याला प्रमाण मानतो तो खेळच घरच्या नियमांतून उभा राहिलाय.

तर सांगा: कोणता नियम बदललात, कशासाठी, आणि खेळ त्यानं कसा बदलला. नुसती यादी नको, प्रसंग येऊ द्या. सुरुवात मी करते.

आमच्याकडे मरणाचे फासे झाकून टाकतात. डीअँडडीच्या पाचव्या आवृत्तीत कॅरेक्टरचे जीवाचे पॉइंट शून्यावर आले की दर पाळीला वीस बाजूंचा फासा टाकायचा. दहा किंवा वर आला तर पास, खाली आला तर नापास. तीन पास झाले की जीव वाचला, तीन नापास झाले की संपला. हे सगळं उघड्यावर चालायचं तेव्हा आमची क्लेरिक (जखमा बऱ्या करणारी) शांतपणे हिशेब मांडायची, "त्याचा एकच नापास झालाय ना? मग ही फेरी मी ऑर्ककडे बघते." आता पडलेला खेळाडू स्टीलच्या पेल्यात फासा खुळखुळवतो, पेला टेबलावर उपडा घालतो, आणि कड उचलून फक्त तो आणि डीएम (खेळ चालवणारा) बघतात. त्याचा चेहरा वाचायचा प्रयत्न सगळे करतात, पण थांबत कुणी नाही. पेला खाली गेला की कुणीतरी धावतंच. मित्र पडलाय आणि हातात वेळ किती ते ठाऊक नाही, म्हटल्यावर जी धावपळ व्हायला हवी ती होते.

---

नाशिक, कायम फायटर (योद्धा) खेळणारा

घरचा नियम कधीकधी एकाच माणसाच्या मुळावर येतो, त्याबद्दल लिहितो. आमच्या डीएमचा नियम होता की हल्ल्याच्या फाशावर १ आला तर शस्त्र हातातून निसटणार. पहिल्या लेव्हलला मजा आली. पण फायटरला पाचव्या लेव्हलला एका पाळीत दोन हल्ले मिळतात, अकराव्याला तीन. एका हल्ल्यात १ यायची शक्यता ५ टक्के, तीन हल्ल्यांत मिळून किमान एकदा यायची सुमारे १४ टक्के. म्हणजे माणूस जितका मुरलेला, तितकी त्याची तलवार जास्त वेळा खाली पडणार! शेजारचा विझर्ड (जादूगार) मात्र फायरबॉल टाकून मोकळा, कारण तिथे फासे समोरचे टाकतात.

हा हिशेब मी कागदावर मांडून डीएमसमोर ठेवला. त्यानं तो नीट वाचला आणि तिथल्या तिथे नियम बदलला. आता पाळीतला पहिलाच हल्ला मोजतात, शस्त्र पडत नाही, आणि काय चुकलं ते ज्याचा फासा तोच सांगतो. मागे मी सांगितलं की पावसानं दगड निसरडा झाला होता. पुढची सगळी लढाई मग त्या निसरड्या दगडावरच झाली, शत्रूचेही पाय घसरले.

---

बंगळूर

आमचा नियम छोटा आहे. २०१४च्या पुस्तकाप्रमाणे हीलिंग पोशन (जखमा भरणारं औषध) प्यायला अख्खी ॲक्शन, म्हणजे पाळीतली मुख्य कृती, लागायची, म्हणून ऐन लढाईत कुणी पीतच नसे. आम्ही ते बोनस ॲक्शनवर, म्हणजे जोडीच्या छोट्या कृतीवर, आणलं. २०२४च्या पुस्तकानंही तेच केलं, तेव्हा फार बरं वाटलं. आमची भर एवढीच की पूर्ण ॲक्शन खर्च करून प्यायलात तर फासे टाकायचे नाहीत, साध्या पोशनचे सरळ १० पॉइंट घ्यायचे.

---

पुणे, डीएम

क्रिटिकलबद्दल, म्हणजे हल्ल्याच्या फाशावर वीस येतो त्याबद्दल. पुस्तकात नुकसानीचे फासे दुप्पट होतात. पण लाँगसोर्डचे दोन्ही आठ बाजूंचे फासे १-१ पडले तर वीस आल्याचा आनंद जागीच विरतो. म्हणून बऱ्याच ठिकाणी एक फासा पूर्ण धरतात आणि दुसरा टाकतात: ८ अधिक जे पडेल ते. आमच्या पोरांना हा नियम हवा होता आणि मलाही आवडतो.

फक्त एक विचार आधी करा: राक्षसांनाही तोच नियम लावणार का? साधा गॉब्लिन घ्या. त्याचा वार सहा बाजूंचा फासा अधिक २. नव्या नियमानं त्याचा क्रिटिकल कमीत कमी ९ आणि जास्तीत जास्त १४. पहिल्या लेव्हलच्या विझर्डकडे असतात सात-आठ पॉइंट. ९ ला तो आडवा होतोच. आणि सात पॉइंटवाल्याला १४ बसले तर उरलेलं नुकसान त्याच्या एकूण पॉइंटांइतकं भरतं आणि तो जागच्या जागी मरतो, मरणाचे फासे टाकायचीही सोय नाही. म्हणून आमच्याकडे तिसऱ्या लेव्हलपर्यंत हा नियम फक्त खेळाडूंना, पुढे सगळ्यांना. हे मी कॅरेक्टर बनवायच्या दिवशीच सांगतो. लढाई सुरू झाल्यावर काढलेला नियम कितीही चांगला असला तरी कुणाला तरी तो अन्याय वाटतोच.

---

ठाणे

आम्ही कॉल ऑफ कथुलू खेळतो. भीती हाच त्या खेळाचा गाभा, त्यामुळे आमचे नियम फाशांचे नाहीत, माणसांचे आहेत. पहिल्या दिवशी प्रत्येकीनं चिठ्ठीवर लिहायचं: काय अजिबात नको, आणि काय पडद्याआड चालेल. चिठ्ठ्या फक्त कीपर (या खेळातली डीएम) वाचते. शिवाय टेबलाच्या मधोमध एक्स लिहिलेलं कार्ड असतं. जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांची ही कल्पना. कुणीही त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही.

काहींना वाटतं यानं भीतीच निघून जाते. आमचा अनुभव अगदी उलटा आहे. थांबवता येतं हे माहीत असल्यामुळे आमच्यातली सगळ्यात घाबरट मैत्रीण आता तळघराचं दार स्वतः उघडते.

---

न्यू जर्सी

माझी मुलगी नऊ वर्षांची, कोल्हापूरचा भाचा अकराचा. इथली शनिवार रात्र म्हणजे तिकडची रविवार सकाळ, तेव्हा व्हिडिओ कॉलवर खेळतो. नियम असा की गावातल्या माणसाला काही पटवायचं असेल आणि अख्खं वाक्य मराठीत बोललात, तर ॲडव्हान्टेज: दोन फासे टाका, मोठा घ्या. पूल अडवून बसलेल्या ट्रोलला लेक म्हणाली, "काका, आम्हाला जाऊ द्या ना, आजी जेवायची थांबलीय." दोन फासे पडले, मोठा सतरा. ट्रोल बाजूला झाला.

भाच्यानं लगेच हरकत घेतली, की मग मला हे आयतंच मिळतं. खरं होतं. म्हणून त्याच्यासाठी वेगळी अट: प्रसंगाला चपखल बसणारी म्हण सांगायची, आणि एकदा वापरलेली परत चालणार नाही. पुढच्या महिन्यापासून सहा वर्षांची धाकटी भाचीही येणार आहे. तिला अजून धड वाचता येत नाही. इतक्या लहान मुलांना कसं सामावून घेता, कुणी केलं असेल तर जरूर लिहा.