एजंटने सुचवलेला सॉलिसिटर घ्यावाच लागतो का?

एकाने विचारलंय की इंग्लंडमध्ये घर घेताना इस्टेट एजंट ‘आमचाच सॉलिसिटर (खरेदीचं कायदेशीर काम बघणारा वकील) घ्या’ म्हणून मागे लागलाय, तर काय करावं. सक्ती अजिबात नाही. एजंटला त्यात बहुतेक वेळा रेफरल फी (गिऱ्हाईक पाठवल्याचं कमिशन) सुटते, आणि तसं असेल तर ते तुम्हाला सांगणं सॉलिसिटरवर बंधनकारक आहे. बेधडक विचारा.

तुमच्या कर्ज देणाऱ्या बँकेच्या पॅनेलवर (मान्य वकिलांच्या यादीत) तो सॉलिसिटर आहे ना, हे आधी बघा. फ्लॅट लीजहोल्ड (ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचा) असेल तर त्याचं जादा शुल्क कोटेशनमध्ये धरलंय का, तेही. स्वस्त कोटेशनमधली ग्यानबाची मेख तिथेच असते.

आपल्या लोकांचं घोडं मात्र अडतं ते डिपॉझिटच्या पैशांवर. पुण्याहून आईबाबांनी पैसे दिले असतील तर गिफ्ट लेटर (पैसे भेट दिलेत, परत नकोत असं पत्र), त्यांची ओळखपत्रं, बँक स्टेटमेंट, एफडी मोडल्याची पावती, जागा विकली असेल तर विक्रीखत (मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतरासकट) हे सगळं सॉलिसिटर मागतो, पैसा कुठून आला ते तपासायला. ऑफर मान्य झाली की लगेच देऊन टाका, मागायची वाट बघू नका. कारण काँट्रॅक्ट एक्स्चेंज होईपर्यंत (दोघांच्या सह्यांचे करार अदलाबदल होऊन व्यवहार बंधनकारक होईपर्यंत) विकणारा खुशाल माघार घेऊ शकतो. (स्कॉटलंडची पद्धत वेगळी.)

आणि हो, ‘आमचा खाते क्रमांक बदलला आहे’ अशी सॉलिसिटरच्या नावाने ईमेल आली तर एक पौंडही पाठवू नका. आधी त्याच्या सुरुवातीच्या पत्रावरच्या नंबरवर फोन करून खात्री करा, ईमेलमधल्या नव्हे.